जाळ्याची गाठ

प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली, तशी पूनमनं वळून बघितलं. तिची सासू, रंभाबाई, उंबऱ्यात बसल्या होत्या आणि मांडीवरची पिशवी उलटीसुलटी करून बघत होत्या.

सकाळी पूनमच्या नवऱ्यानं, जोतिरामनं, उजनी धरणाच्या फुगवट्यात टाकलेलं जाळं ओढलं, त्यात चिलापी मासळी थोडी आणि कचराच फार निघाला. केळीच्या घडांना घालतात त्या निळ्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या. त्याचं आता कुणाला काही वाटत नव्हतं. पण त्यातच ही गाठ मारलेली पिशवी होती. प्लॅस्टिकमधून आतलं दिसत होतं: घडी न मोडलेला हिरवा खण, काळे पडलेले तांदूळ, हळकुंड आणि केमच्या कुंकवाची पुडी.

"ही माजी वटी हाय," रंभाबाई म्हणाल्या.

जोतिराम हसला. "हिरवा खण काय तू एकलीच घेतीस व्हय, आय? समद्या गावाच्या वट्या पाण्यात जात्यात."

"गाठ बघ की."

त्यानं वाकून बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. जाळं विणताना मारतात ती गाठ होती. पिशवीला असली गाठ मारणारी बाई साऱ्या वस्तीत एकच.

"वरीस झालं सोडून," रंभाबाई म्हणाल्या. "नदीनं घेतली न्हाय. माघारी धाडली."

धरण भरलं की श्रावणातल्या एका शुक्रवारी वस्तीवरच्या बाया पाण्याची ओटी भरत. पहिली ओटी रंभाबाईंची. त्यांनी हात लावल्याशिवाय दुसरी कुणी पाण्यात उतरायची नाही. उभा जन्म डोक्यावर मासळीचं घमेलं घेऊन बाजार करण्यात गेला होता. लोक त्यांच्याशी घासाघीस करत, त्यांच्या वासानं नाक मुरडत. पण त्या एका दिवशी मोठ्या बागायतदारांच्या बायासुद्धा काठावर त्यांची वाट बघत थांबत. त्या दिवसासाठी पेटीतलं हिरवं लुगडं बाहेर निघे. चालही वेगळी होई.

आणि उद्याच तो शुक्रवार होता.

"उद्या मी येत न्हाय," रंभाबाईंनी सांगून टाकलं. "जिची वटी माघारी येती, तिचा हात कशाला पुढं करायचा? मासं उगंच न्हाय कमी झालं."

त्या उठून आत गेल्या. पिशवी तिथंच राहिली.

पूनमला ते 'घेतली न्हाय' फार लागलं. मागल्या श्रावणात तिनंही एक पिशवी सोडली होती. लेकीला, उत्कर्षाला, खेळायला कुणीतरी दे, एवढंच मागितलं होतं. दिवस गेलेही, पण थंडीत पोट रिकामं झालं. कुणाचा दोष नसतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पूनमनं ते मानलंही होतं. आता कुणी उठून 'नदीनं नाकारलं' म्हणावं, हे तिला सोसवेना.

तिनं पिशवी उचलली आणि गाठ सोडायला बसली. नखांनी ओढली, दातांनी धरली. गाठ तसूभर हलली नाही. आणि एकाएकी तिला हसूच फुटलं.

"आत्या, जरा भाईर या."

"काय हाय?"

"ही सोडून दावा."

रंभाबाईंनी गाठीला अंगठा लावला, ओढून बघितलं, मग चिडून म्हणाल्या, "भिजली की आणखीच आवळती ती. जाळ्याची गाठ हाय. सुटली तर मासा ऱ्हाईल व्हय?"

"मग नदीला कशी सुटंल?"

रंभाबाईंनी गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"तिनं नाकारली न्हाय, आत्या. वरीसभर हातात धरून बसली, पण तुमची गाठ तिला बी सुटली न्हाय. दारात पाव्हणा आला आणि आपण भाकरी कुलपात घालून दिली, तर त्यानं खायची कशी?"

"खण भिजू नये म्हून घातली गं पिशवीत."

"पाण्यात सोडायचा खण भिजू नये म्हून?"

अंगणाच्या कोपऱ्यात जाळं झटकणारा जोतिराम आधी फिसकन हसला. रंभाबाईंनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण ओठांचा कोपरा त्यांचाही हलला.

"माजी सासू केळीच्या पानावर सोडायची," त्या म्हणाल्या. "पिशव्या कवा आल्या, कळलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या हिरवं लुगडं नेसून काठावर पोचल्या. हातात केळीचं पान, त्यावर तांदूळ, हळकुंड, कुंकू. पोटरीभर पाण्यात उतरून त्यांनी पान अलगद ठेवलं आणि बोटांनी पाणी ढकललं. पान डुललं, तांदूळ ओले होऊन एकेक खाली गेले. कुंकवाची लाल रेघ थोडी लांबली आणि विरली.

मग त्या वळल्या आणि वाटेतच उभ्या राहिल्या.

"पिशवी सोडायची न्हाय. गाठी सोडा आन् या."

बायांत कुजबुज सुरू झाली. पुढं सिद्धेश्वरीवहिनी होत्या, वरच्या अंगाला ज्यांची केळीची मोठी बाग होती त्या. त्यांच्या हातात दुकानातली तयार ओटी होती, चकचकीत वेष्टनातली.

"रंभाकाकू, हे लई महागातलं हाय. असं मोकळं सोडलं तर समदं इस्काटंल की."

"इस्काटाया पायजे. त्याबिगर तिला पोचत न्हाय."

"कोण म्हनतं?"

रंभाबाईंनी कमरेला खोचलेली ती कालची पिशवी काढून सगळ्यांसमोर धरली. लपवली नाही. "ही माजी. वरीसभर पाण्यात होती, काल पोराच्या जाळ्यात घावली. दाणा बी पोचला न्हाय. माज्या हातची गाठ हाय ही, बघा सोडता येती का."

सिद्धेश्वरीवहिनींनी ओढून बघितली. दुसऱ्या दोघींनी बघितली. एक म्हातारी म्हणाली, "आगं, तुजा नवरा बी असाच बांधून ठिवलायस व्हय?" आणि काठभर हशा पिकला. त्या हशातच वहिनींनी आपल्या ओटीचं वेष्टन फाडलं.

"आन् खण?" त्यांनी विचारलं.

"खण एकमेकींच्या वटीत घाला. माजा हिच्या, तुमचा तिच्या. पाण्याला कुटं चोळी शिवायचीया?"

रंभाबाईंनी यंदा पाण्यात न सोडलेला आपला खण पूनमच्या पदरात घातला. हात लावून घट्ट दाबला. आपली सासू एवढ्या बायांत मान वर करून उभी आहे, आणि कालची लाज तिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांसमोर मांडली आहे, हे बघताना पूनमचा ऊर भरून आला.

बाया पांगल्यावरही रंभाबाई निघाल्या नाहीत. काठाच्या बुडालेल्या बाभळींत पिशव्या अडकून फडफडत होत्या. त्यांनी लुगडं खोचलं.

"जोत्या, होडी घे. आता बघितल्यावर न्हाय ऱ्हावत."

होडी बाभळीबाभळीनं फिरू लागली. केळीच्या निळ्या पिशव्या निघाल्या, त्यांत मधूनच एखादी गाठीची. कुठं गुलाबी खण, कुठं हिरव्या बांगड्या, कुठं मूल मागताना वाहतात तसला, चांदीचा वाटावा असा पत्र्याचा छोटा पाळणा. रंभाबाई पिशव्या काठावर आणून टाकीत आणि जोतिराम होडी परत पाण्यात नेई. पूनम आणि उत्कर्षा दोघी मिळून गाठी सोडू लागल्या. आतलं तांदूळ-कुंकू पाण्यात, पिशवी पोत्यात. पोरीला तो खेळच वाटत होता.

पाळण्याची पिशवी हातात आली तशी ती थांबली. पिशवी उन्हाकडं धरून तिनं आत बघितलं.

"आई, ही सोडणाऱ्या बाईनं काय मागितलं आसंल? मिळालं आसंल का तिला?"