आधी आंघोळ

आमची भिंगरी तीन वर्षांची झाली तरी 'बाबा'च्या पुढे तिची गाडी सरकेना. निदान मी कधीच करून टाकलं होतं. "मामावर गेलीय," मी बायकोला ऐकवायचो. "तुझा भाऊ तरी कुठे लवकर बोलला?"

माझं दुकान जुन्या बॅटऱ्यांचं. बॅटरी फोडायची, आतलं शिसं काढायचं, वितळवून विकायचं. संध्याकाळी घरी आलो की भिंगरी धावत येऊन गळ्यात पडायची आणि माझ्या शर्टाची कॉलर चघळत बसायची. आईकडे ढुंकूनही बघायची नाही. त्याचा मला कोण ताठा! पोरीला माणसाची पारख आहे, असं मी मेहुण्याला तोंडावर सांगायचो.

शेवटी बायकोने हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही मी मामाचं पुराण लावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मी छाती फुगवून सांगितलं. बाईंनी लगेच भिंगरीचं रक्त तपासायला पाठवलं.

रक्तात शिसं निघालं, नको तितकं.

"धूळ तुमच्या कपड्यांवरून, केसांवरून घरी येते," बाई म्हणाल्या. "वाढत्या मेंदूला ती फार घातक."

"पण बरी होईल ना?"

"नुकसान किती भरून येईल, आज सांगता येणार नाही. आधी शिसं घरात येणं बंद करा. आंघोळ दुकानात, कपडे तिथेच. तोवर पोरीला जवळ घ्यायचं नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "भावाला फोन करून सांगू का, सुटलास म्हणून?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तरी शहाणपण येईल तर शपथ! आंघोळीची सोय उद्या करू म्हणत मी त्या संध्याकाळी दुकानातून तसाच घरी आलो. मागच्या दाराने मोरीत शिरायचा बेत होता. तो भिंगरीला कोण सांगणार? ती धावत आली. मी खेकसलो, "नको! हात नको!" ती जागीच थिजली.

दुसऱ्या दिवशी दुकानातच अंग घासूनपुसून, धुतलेला शर्ट घालून आलो आणि दारात हात पसरून बसलो. भिंगरी आली, पण जरा दूरच थांबली. हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "बाबा, हात नको."

तिचं पहिलं वाक्य. बायकोला आनंदाने रडू फुटलं. आनंद मलाही झालाच, खोटं कशाला बोलू? फक्त पसरलेल्या हातांचं काय करावं, ते कळेना.