एक्केचाळीस नावांचा दगड

मी एक जुना दगड आहे. दगडाजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, सांगायचं पुष्कळ आहे, पण त्यात गोड फार थोडं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका खाणीत माझा जन्म झाला. मी पिवळसर, बारीक पोताचा चुनखडीचा दगड. आमच्या जातीच्या दगडावर तेलकट शाईने काही रेखाटलं, की त्याचे हजारो छाप कागदावर उमटतात. म्हणून मला गोथा गावी आणलं. तिथे नकाशे छापायचे कारखाने होते. वाळू आणि पाणी घालून मला दुसऱ्या दगडावर घासलं, पुन्हा पुन्हा घासलं, अगदी सपाट केलं आणि लेबरेश्ट झाइडलर मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

मास्तर म्हणजे हाडाचा कारागीर. दगडावर सगळं उलटं लिहावं लागतं, तेव्हाच कागदावर ते सुलटं येतं. मास्तरांची उलटी अक्षरं इतरांच्या सुलट्या अक्षरांपेक्षा देखणी असायची. ते नद्या काढत, डोंगर काढत, आणि छापलेल्या कागदांत त्यांची बायको ओटिली बारीक कुंचल्याने रंग भरी. तिच्या हाताखाली आणखी चार बायका होत्या. दिवसभर त्यांची तोंडं आणि कुंचले बरोबरीने चालत.

गोथाच्या कारागिरांची एक रीत होती. जे ठाऊक नाही, ते काढायचं नाही. जुन्या काळचे नकाशेवाले अशा जागी सिंह नाहीतर राक्षस काढून मोकळे होत. झाइडलर मास्तर तिथे कोरं सोडत. "माझं पांढरं म्हणजे माझं अज्ञान आहे. त्याची मला लाज वाटत नाही," असं ते सगळ्यांना सांगत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

मग आफ्रिकेतल्या एका कोरड्या मुलखाचा नकाशा माझ्यावर काढायचं ठरलं. ब्युटनर नावाचे एक प्रवासी तिथून तापाने खंगून परत आले होते. ते रोज मास्तरांच्या शेजारी बसत आणि आपल्या वहीतून वाचून दाखवत. तिथल्या गुराख्यांना विचारून विचारून त्यांनी एक्केचाळीस नावं लिहून आणली होती.

"आणि हे बघा मास्तर," ते म्हणाले, "तिथं गाव म्हणजे विहीर. झोपड्या आज इथं, उद्या तिथं. पण नाव पाण्याचं असतं. नाव गेलं, की पाणी गेलं समजा."

मास्तरांनी एक्केचाळीसही नावं माझ्या अंगावर लिहिली. मला वाटलं, आता जन्माचं सार्थक झालं.

पंधरा दिवसांनी नकाशाचं गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे वसाहती मिळवण्यासाठी स्थापलेलं एक मंडळ. त्याच्या वतीने तिघे आले होते. एक कापडगिरणीचे मालक श्ट्रोबेलसाहेब, एक पाद्री आणि एक निवृत्त मेजर. पहिला छाप पाहून श्ट्रोबेलसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही कसली किडामुंगी भरून ठेवलीत, मास्तर?"

"विहिरी आहेत, साहेब. माणसं राहतात तिथं."

"माणसं दिसली, की लोक विचारणार, मग जमीन कुणाची? काढून टाका ही नावं. मुलूख मोकळा दिसला पाहिजे. माझ्या गिरणीत कापडाचे गठ्ठे पडून आहेत. उद्या बाजार लागेल तर तिथं लागेल."

"आणि आत्म्यांचं काय?" पाद्री म्हणाले. "किती जीव अंधारात आहेत तिथं!"

मेजर टेबलावर हात आपटून म्हणाले, "इंग्रजाने घेतलं, फ्रेंचाने घेतलं. आम्ही काय नुसत्या टाळ्या पिटायच्या? आधी झेंडा लागू दे, मग बाकीचं बघू!"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मुलूख रिकामा आहे म्हणता. मग साहेब, तुमचं कापड नेसणार कोण? आणि पाद्रीबाबा, बाप्तिस्मा कुणाला देणार? डोंगरांना?"

रंगाच्या टेबलापाशी बायका फिस्सकन हसल्या. श्ट्रोबेलसाहेब हसले नाहीत.

"तोंड फार चालतं तुमचं. तुमचा मुलगा आल्विन जमीनमोजणीची परीक्षा पास होऊन दोन वर्षं घरी बसलाय ना? त्या मुलखात आम्हाला मोजणीदार हवाय. जागा त्याच्यासाठी राखून ठेवलीय. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात साम्राज्याची कारणं दिलेली असतात. बाजार, धर्म, मान. तुम्ही ती पाठ करता आणि गुण मिळवता. ती तिन्ही कारणं कोट घालून माझ्यासमोर उभी होती. पण नकाशा बदलला तो चौथ्या कारणाने, आणि ते अगदी घरगुती होतं. घरात बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा.

दुसऱ्या दिवशी आल्विन स्वतःच कारखान्यात आला. "बाबा, चार झोपड्यांची नावं ती! कोण वाचणार आहे?"

"मला ठाऊक नसेल तिथं मी पांढरं सोडतो, आल्विन. ठाऊक असून पांढरं सोडणं म्हणजे चक्क खोटं बोलणं."

"मग मीच तिथं जाऊन मोजून आणतो आणि परत लिहितो. मग तर झालं?"

ओटिलीने कुंचला खाली ठेवला. "अहो, शेजारच्यांचे दोघे अमेरिकेला गेले, पुन्हा तोंड दिसलं नाही. आपल्याला एकच आहे. त्या लांबच्या विहिरी आपल्या कोण लागतात? खरवडा बाई एकदाची."

मास्तरांनी खरवडणी घेतली. दोन दिवस ते एकेक नाव माझ्या अंगावरून उडवत होते. प्रत्येक नाव पुसण्याआधी ते पुटपुटत. ओकाहेरे या विहिरीचं नाव त्यांनी दोनदा पुटपुटलं, मग तेही गेलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला असा कितीसा वेळ लागतो!

नकाशा हातोहात खपला. शाळाशाळांतून तो भिंतींवर लागला. ओटिलीने त्या मुलखाच्या कडेने फिकट गुलाबी रंग फिरवला आणि मधे सगळं कोरं. जो येईल तो त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणे, "वा! केवढी जागा पडून आहे!" कारागिराच्या पांढऱ्याचा अर्थ 'आम्हाला माहीत नाही' असा होता. पाहणाऱ्याने तो 'तिथे कोणी नाही' असा लावला. आणि या वेळी तर कारागिरानेही लबाडी केली होती. मला माझ्याच अंगाची किळस आली.

आल्विन गेला. माझाच एक छाप घडी करून त्याने पिशवीत घातला होता. वर्षभराने त्याचं पत्र आलं. मास्तरांनी ते कारखान्यात मोठ्याने वाचलं. 'गुराखी गुरं द्यायला तयार होईनात, म्हणून शिपायांना वस्त्या जाळाव्या लागल्या. आता इकडे सगळं शांत आहे. आईच्या हातच्या बटाट्याच्या गोळ्यांची आठवण येते.' बायका म्हणाल्या, "शाबास रे पोरा!" ओटिली म्हणाली, "बारीक झाला असेल हो." जळालेल्या वस्त्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि कामाला लागले.

पुढचं पत्र आल्विनचं नव्हतं. मोजणीची तुकडी वाट चुकली होती. पाणी संपलं. तीन दिवसांनी आल्विनसकट सहा माणसं आणि घोडे मेलेले सापडले. 'त्या भागात पाणी असल्याची कोणतीही नोंद नकाशात नव्हती,' असं अधिकाऱ्याने लिहिलं होतं.

ब्युटनर काठी टेकत आले. त्यांनी आपली जुनी वही उघडून मास्तरांपुढे धरली आणि एका जागी बोट ठेवलं.

"इथं सापडले ते. आणि इथं ओकाहेरे. अर्ध्या तासाची वाट. मला तिथं एका म्हातारीने पाणी पाजलं होतं, मास्तर. न मागता."

"मग त्याने कुणाला विचारलं का नाही?" मास्तर ओरडले. "तोंड नव्हतं का त्याला?"

"कुणाला विचारणार? वस्त्या जाळल्यावर वाट सांगायला माणूस उरतो का?"

मास्तर खाली बसले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी लेखणीला हात लावला नाही.

महिन्याभराने श्ट्रोबेलसाहेब आणि मेजर दंडाला काळ्या फिती बांधून आले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, हे मी कबूल करतो. मेजरांचे डोळे ओले होते. श्ट्रोबेलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "नंतरच्या तुकडीला तिथं जवळच एक विहीर सापडली. मंडळाने एकमताने ठरवलंय. तिला आल्विनचं नाव द्यायचं. झाइडलर विहीर. नव्या आवृत्तीत ते तुमच्याच हाताने लिहा."

ओटिली उठून उभी राहिली. "त्या विहिरीला नाव आहे."

"असेल बाई," श्ट्रोबेलसाहेब नरमाईने म्हणाले, "पण नकाशात नाही."

ओटिलीने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी मला पुढे ओढलं.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस खरं नाव लिहील. बापाचं काळीज मला कळलं नव्हतं. मुलाचं थडगं परमुलखात, मग नाव तरी कुठेतरी राहावं, एवढाच त्यांचा विचार असावा. त्यांनी लेखणी बुडवली. खरवडल्यामुळे तिथे मी जरा खोलगट झालो होतो, त्यात लेखणी अडखळली. तरी मास्तरांनी मुलाचं नाव उलट्या अक्षरांत, फार सुंदर लिहिलं. ओटिलीने त्या कागदात रंग भरायला नकार दिला. मग दुसऱ्या बाईने भरला. नकाशा पुन्हा हातोहात खपला.

आल्विनसाठी गावात घंटा वाजली. जाळलेल्या वस्त्यांसाठी, त्या म्हातारीसाठी कुणी दंडाला फीत बांधली नाही. ती जिवंत असली, तर आपण आता झाइडलर विहिरीचं पाणी पितो, हे तिला माहीतही नसेल.

माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी विनवतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी नाही विनवणार. मला फोडून रस्त्यात घातलं तरी माझी हरकत नाही. फक्त, कुणी नकाशावर बोट ठेवून तुम्हाला म्हणालं, 'इथे कोणीच नव्हतं,' तर त्याला एवढं विचारा, मग तुझ्या माणसांना पाणी कुणी पाजलं?