मागच्या सीटचा कोपरा

मोटारीच्या दिव्यांत बिघाड झाला की गिऱ्हाईक अर्धंच सांगतं. उकंडरावांनी तर तेवढंही सांगितलं नाही. ‘दिवे डोळे मिचकावतात, या,’ एवढाच निरोप त्यांनी मेहकरला माझ्या गॅरेजवर धाडला. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्या गावचा रस्ता अजून व्हायचा होता. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून शेवटचा टप्पा मी पायी तुडवला आणि पोचलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

उकंडराव गावातले मोठे कास्तकार. मोटार त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून जुनी घेतलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आसपासच्या गावांत दुसरी मोटार नव्हती, म्हणून तिचा थाट मोठा. चालवायचे त्यांचे चिरंजीव भगवानराव. हात चांगला, पण माणूस सदा मूग गिळून बसणारा.

उकंडराव ओट्यावर बसले होते, उजवा हात गळ्यात बांधलेला. शेगावहून दर्शन करून येताना दिवे गेले, मोटार नाल्यात उतरली आणि हात मोडला, असं कळलं.

“मिस्त्री, दुपारून डोणगावले निघाचं हाये,” ते म्हणाले. “सूनबाईले माहेरी सोडाचं हाये. तवरिक दिवे करून द्या.”

मी बॉनेट उघडलं. बॅटरीची टोकं खरवडली, बल्ब काढून घातले, डायनामो पाहिला, पुढच्या वायरी एकेक करून ओढून पाहिल्या. मोटार गोठ्याच्या सावलीत लोटून दिवे लावले. छान लागले. इंजिन चालू केलं, तरी छान. मोटार ढकलून हिसके दिले, तरी तसेच. डॉक्टर दिसला की पोटदुखी थांबते, त्यातली गत. बिघाड समोर आला तर मी त्याला बघून घेतो, पण लपून बसणाऱ्या बिघाडाचा मला फार राग येतो. अर्धा दिवस गेला आणि हाताला ग्रीसशिवाय काही लागलं नाही.

शेवटी मी ओरडून विचारलं, “दिवे जातात तेव्हा होते तरी काय? पाऊस असते? खड्डा असते? ब्रेक दाबता?”

भगवानराव टायरकडे पाहू लागले. उकंडरावांनी सुपारी कातरायला घेतली आणि एका हातानं ती कातरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बोलल्या त्या मनकर्णाबाई, उकंडरावांचं कुटुंब. त्या दारात उभ्या होत्या.

“तिचा पाय पडला का जातात.”

“कोणाचा?”

त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघराकडे दाखवलं. मग सगळं बाहेर आलं. भगवानरावांचं लग्न लावून सुनेला, गीताबाईला, डोणगावहून आणताना गावाच्या वेशीपाशी दिवे गेले, आले, पुन्हा गेले. संक्रांतीला एका नातेवाइकाकडे गेले तेव्हाही तेच. मग शेगाव. एरवी बापलेक दोघंच रात्री-बेरात्री बाजारातून येत, तेव्हा एकदाही नाही. पोरीचा पायगुण वाईट, हे घरात ठरलं होतं. आता तिला माहेरी नेऊन सोडायचं आणि परत आणायचं नाही, हेही ठरलं होतं.

“मंग एसटीनं धाडा ना,” मी म्हणालो.

“वा!” उकंडराव म्हणाले. “मोटारीतून आणलेली सून एसटीनं धाडली तं लोक तोंडात शेण घालतीन आमच्या.”

त्यांच्याच म्हणण्यानुसार अंधारात परत येताना सून मोटारीत नसणार, म्हणजे दिवे लागणारच. मग मला कशाला बोलावलं, हे मी विचारलं नाही. लोकांच्या घरच्या भानगडीत मी पडत नाही. पण कामाचं मला कळतं. एखादा माणूस मोटारीत असतानाच दिवे जात असतील, तर आधी तो माणूस मोटारीत हवा. कोरड्या दिवसांत छप्पर कुठं गळतं ते दिसत नाही.

“बसवा तिले,” मी म्हणालो.

थोडी कुरकुर झाली. मग गीताबाई आली. अंगानं लहानखुरी, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. कोणाकडे न पाहता ती मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिची जागा ठरलेली होती. पुढे सासरे बसत, बरोबर त्यांच्या पाठीमागे ती, म्हणजे सासऱ्यांच्या नजरेला पडायला नको. सासू दुसऱ्या कडेला. त्या कोपऱ्यात घरातलं दुसरं कोणी कधी बसलेलं नव्हतं.

मी स्विच ओढला. दिवे लागले. डॅशबोर्डामागे टिक् असा आवाज झाला आणि विझले. जरा वेळानं पुन्हा लागले, पुन्हा विझले.

“पाह्यलं?” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना अगदी जिंकल्यासारखं झालं होतं.

मलाही झालं होतं, पण त्या टिक् आवाजानं. त्या मोटारीच्या दिव्यांच्या स्विचमागे धातूची एक बारीक पत्री असते. वायर कुठं लोखंडाला टेकून शॉर्ट झाली की पत्री तापून वाकते आणि दिवे तोडते. थंड झाली की परत जोडते. म्हणजे वायर टेकत होती, आणि गीताबाई बसली की टेकत होती.

गीताबाईला उतरवलं. दिवे पक्के.

“आता तुम्ही बसा,” मी मनकर्णाबाईंना म्हणालो. “तिच्याच जाग्यावर.”

“मी काऊन?”

“बसा तं खरं.”

त्या बसल्या. टिक्. दिवे गेले. त्यांच्या पायगुणाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्यांना उतरवून मी सीटची गादी उचलली. खाली मागच्या दिव्याची वायर गेलेली, जुन्या पद्धतीची, कापडी वेष्टणाची. तिच्यावर घोड्याची नाल पडली होती, काळ्या दोऱ्यात बिब्ब्याबरोबर बांधलेली. कोपऱ्यात कोणी बसलं की गादीची स्प्रिंग नालेला दाबायची. नालेच्या कडेनं कापड कुरतडून तांबं उघडं पाडलं होतं.

“हे कोणं ठेवलं?” मी विचारलं.

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. “मीच,” त्या म्हणाल्या. “वरात निघाच्या टायमाले. नव्या नवरीले नजर लागू नये म्हून.”

मी वायरीला पट्टी गुंडाळली, नाल ओट्यावर ठेवली आणि गीताबाईला म्हणालो, “बाई, आखरी एक डाव बसा.” ती बसली. दिवे हलले नाहीत. मोटार ढकलून पाहिली, तरी हलले नाहीत.

उकंडराव मोठ्यानं हसले. सुटल्यासारखे हसले. “चाला, मिटली भानगड! आता कुठी जाचं नाही. सूनबाई, उतरा. मिस्त्रीले चहा ठेवा.”

ती उतरली नाही.

मनकर्णाबाई डिक्कीतली तिची पेटी काढायला गेल्या.

“राहू द्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “मीच भरली हाये ते.”

भगवानराव मोटारीच्या दाराशी आले. तिनं पदर मागं सारला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

“इतक्या खेपा दिवे गेले,” ती त्यांना म्हणाली. “हात मोडला मामंजीचा. रोज ऐकलं मी, तुम्हीबी ऐकलं. एक डाव तरी माह्या जाग्यावर बसून पाहाचं होतं तुम्ही.” मग म्हणाली, “चाला. अंधार पडंन.”

मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. भगवानराव मान खाली घालून पुढे गेले आणि स्टिअरिंगवर बसले.

उकंडराव ओट्यावरून उतरून माझ्याजवळ आले आणि गळ्यातला हात सांभाळत हळूच म्हणाले, “मिस्त्री, जुनी मोटार हाये. दिव्याईचा भरोसा तं नाहीच म्हणा ना? आज नको म्हणा तिले. तुमचं आयकंन ते.”

एवढं म्हणालो असतो, तर ती कदाचित उतरलीही असती. गीताबाई आतून माझ्याकडेच पाहत होती.

“दिवे आता जात नाहीत,” मी म्हणालो. “डोणगावपावतर बी नाही, अन् त्याच्या पुढं बी नाही.”

तिनं आतून दार ओढून घेतलं.