कोनाड्यातून मला दिसलेले रक्त

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि माझी बॅटरी लवकर दमते. मित्रांनो, कल्याण नावाच्या ऊसतोड्याने मला जामखेडच्या दुकानातून आणले तेव्हा माझा काय थाट होता! ऊसतोडीच्या फडात तो मला आतल्या खिशात जपायचा. पुढे त्याने नवा घेतला आणि मी दोन वर्षे कोनाड्यात धूळ खात पडलो.

यंदा त्याच्या आईचे, लंकाबाईचे, आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आणि मला पुन्हा चार्जिंगला लावले. पायात गुठळी होऊ नये म्हणून तिला अठ्ठावीस दिवस रक्त पातळ करणारे इंजेक्शन घ्यायचे होते. मुलगा-सून कारखान्यावर गेलेली, म्हणून तिचे मालक आसाराम तिच्या पोटाला सुई टोचत. सकाळी दहाला शहरातल्या दवाखान्यातून पंकजा सिस्टर व्हिडिओ कॉलने माझ्या काचेवर येऊन चौकशी करत. कुठूनही रक्त येऊ लागले तर लवकर थांबणार नाही, लगेच सांगा, असे त्यांनी बजावले होते. तेव्हापासून मला धास्तीच बसली.

"मावशी, हिरड्यांतून रक्त येतं का?"

"न्हाई बाई. समदं ब्येस हाय."

खोटे! कोनाड्यातून मला सगळे दिसायचे. लंकाबाई चोरून दातांना मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची ही पूड सोडल्याचे तिने सिस्टरला शपथेवर सांगितले होते. मग रक्ताचे कसे सांगणार? तीन दिवस तिचे बोट तोंडातून लाल होऊन बाहेर येत होते. ती चूळ भरून भिंतीच्या कडेला थुंकायची आणि वर माती लोटायची. मला सिस्टरला सांगायचे होते, पण मला तोंड कुठे आहे?

एकोणिसाव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काका, पोटावरचा सुईचा डाग दाखवा." आसारामांनी मला उलटेच धरले. माझा डोळा थेट भिंतीकडे गेला. त्या दिवशी माती लोटायची राहिली होती.

"काका, तिथं लाल काय आहे?"

लंकाबाईचा चेहरा पडला. "म्या मिशरी लावली, बाई. रगात येतंय तीन दिस."

"मिश्रीचं मागाहून बोलू. दुसरं काही खाल्लं का?"

"गुडघं लई दुखत हुतं. दुकानातून गोळ्या आनल्या."

सिस्टर घाईने म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी रक्त आणखी वाहतं, मावशी. आजची सुई देऊ नका. आत्ताच जामखेडच्या दवाखान्यात निघा, मी तिथल्या डॉक्टरांना कळवते."

टेम्पोत आसारामांच्या खिशात मी चार टक्क्यांवर होतो. वाटेत विझलो असतो तर सिस्टरचा फोन कुठे आला असता?

डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या, रक्त थांबले आणि लंकाबाई वाचली. आता दहा वाजले की ती हिरडीवरून बोट फिरवते आणि न विचारता माझ्यासमोर धरते. ते बोट स्वच्छ दिसेपर्यंत माझा जीव अजून टांगणीला असतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मोबाईलला वेळेवर चार्जिंगला लावा. आणि दुखण्याची चौकशी होईल तेव्हा खरे सांगा. मी सगळे पाहतो, पण मला स्वतःहून एक शब्दही बोलता येत नाही.