एकोणचाळीस इंचांचा कोट

सूनबाईने कापलेला पहिला कोट पोस्टमनभाऊंच्या अंगात अडकला आणि माझं पित्त खवळलं. चार वाजता त्यांच्या लेकीचं लग्न, घड्याळात अकरा, आणि बटणं काही केल्या काजांपर्यंत पोचेनात.

"ताई, श्वास घेतला की फाटेल," पोस्टमनभाऊ पोट आत ओढून म्हणाले.

"छाती एकोणचाळीस! वहीत माझ्या हातचं लिहिलंय. तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. अगं, कापताना डोळे कुठे होते तुझे?"

सूनबाईने कात्री टेबलावर ठेवली. "आई, मी पुन्हा कापायला बसणार नाही."

लग्नाआधी ती शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गेले सहा महिने माझ्याकडे मन लावून शिकत होती. दुकान तिच्या हाती द्यायचं, एवढंच माझं स्वप्न. पण जिभेला हाड नाही माझ्या.

जाता जाता तिने आपली नवी टेप पोस्टमनभाऊंच्या छातीभोवती धरली. "चाळीस."

"आठवड्यात इंचभर फुगलात की काय?" मी विचारलं.

"लेकीच्या लग्नात बाप वाळतो हो, फुगतो कसला!"

सूनबाई थबकली. खिळ्यावरची माझी जुनी टेप काढून तिने नवीशेजारी टेबलावर पसरली. माझे एकोणचाळीस जिथे संपले, तिथे तिचे चाळीस भरले होते.

मी खिळ्याकडे पाहिलं. कात्री हरवू नये म्हणून दुकान बंद करताना मी ती टेपच्या टोकाला बांधून लटकवते. वीस वर्षं झाली. एवढं लोखंड पेलून टेप ताणली जाणार नाही तर काय!

"तुमचा इंच लांबलाय, आई," सूनबाई म्हणाली. "लांब इंच मोजताना कमी भरतात. तुम्ही मापायचात आणि कापायचात एकाच टेपने, म्हणून कधी बिघडलं नाही. या वेळी मापलं तुमच्या इंचांनी, कापलं माझ्या."

"म्हणजे चूक माझी," मी पोस्टमनभाऊंच्या देखत मोठ्याने सांगितलं. फार मोकळं वाटलं.

नशीब, शिवणीत बोटभर जास्तीचं कापड सोडायची शिस्त मीच तिला लावली होती. दोघींनी दोन्ही बाजू उसवल्या, सैल केल्या, पुन्हा शिवल्या. तीन वाजता कोट असा चपखल बसला की पोस्टमनभाऊंनी आरशासमोर गिरकीच घेतली आणि टोपी विसरून पळाले.

मग कात्री मी सूनबाईच्या हातात दिली. तिने ती घट्ट धरली, आणि माझेच डोळे भरून आले.

मापांची अख्खी वही नव्या टेपने पुन्हा लिहायचं ठरलं. "सुरुवात माझ्यापासून," मी म्हटलं. माझी कंबर चौतीस, हे मी गल्लीभर मिरवत आले होते. टेप म्हणाली, पस्तीस.

सूनबाईने माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: कंबर चौतीस, आईंचे इंच.