नववा रकाना

गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या श्रावणातली. तेव्हा मी सोलापुरात अपंगांच्या एका संस्थेत लिहिण्याचं काम करत होतो. सरकारची एक योजना होती, 'स्वावलंबी निवास' नावाची. घरात कोपऱ्यात बसून राहिलेल्या माणसाला एक खोली द्यायची, हाताला काम द्यायचं, आणि तो एकटा नीट राहतो की नाही हे दर सहा महिन्यांनी पुण्याला कळवायचं. कळवायचं ते तक्त्यात. तक्त्याला चौदा रकाने. स्वयंपाक स्वतः करतो काय, पाणी स्वतः भरतो काय, असे एकेक. प्रत्येकापुढे 'होय' किंवा 'नाही'. तिसरा शब्द चालत नसे.

मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. त्यामुळे तो तक्ता भरताना नेहमी वाटायचं, चौदा रकान्यांत माणसाचा नुसता पूर्वरंग उरकतो, आख्यान राहूनच जातं. पण सही करून पाठवून द्यायचो. नोकरी होती.

आमच्या यादीत महादेवी होती. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली, वय तिशीचं. बाराव्या वर्षी तापात डोळे गेले. तिचा भाऊ कल्लप्पा माणूस वाईट नव्हता. जेवायला घालायचा, सणाला लुगडं आणायचा, फक्त उठू द्यायचा नाही. "कुटं धडपडशील? बस हितंच," म्हणत त्याने तिला अठरा वर्षं ज्वारीच्या कणगीशेजारी बसवली होती.

"मास्तर," ती एकदा मला म्हणाली होती, "कणगी तरी भरायची, रिकामी व्हायची. मी न्हाई."

आता ती साखर पेठेमागच्या हातमागांच्या एका गल्लीत राहत होती. चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायची. खोलीची किल्ली कमरेला. ती किल्ली दिवसातून कितीदा चाचपायची, देवच मोजू जाणे.

पण नववा रकाना नडला होता. 'दुसऱ्याच्या मदतीशिवाय घराबाहेर जाते काय?' मागच्या सहामाहीत ती नुकतीच आलेली, म्हणून मी 'नाही' लिहिलं होतं. नियम असा की सलग दोनदा 'नाही' आलं तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. म्हणजे महादेवी परत कणगीजवळ. आणि या वेळी माझ्या शब्दावर भागणार नव्हतं. पुण्याहून तपासनीस हिंदुराव साहेब स्वतः पाहायला येणार होते.

मी मात्र निर्धास्त होतो. श्रावणभर मठात दुपारचं कीर्तन असे आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या मठात महादेवी रोज एकटी यायची. मी तिला उंबरा ओलांडताना पाहायचो. ती तिथवर कशी येते, हे मी कधी विचारलं नाही. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

आदल्या दिवशी मी गल्लीत दारोदार फिरलो. "उद्या अडीचला साहेब येणार. कुणी तिचा हात धरायचा नाही, वाट सांगायची नाही, हाकसुद्धा मारायची नाही. आणि तो खडखडाट नको, साहेबांना गोंधळ वाटेल. अर्धा तास माग बंद ठेवा. तिला यातलं काही कळू देऊ नका, उगाच घाबरेल."

"मास्तर, श्वास घेतला तर चालंल का?" मागावर बसलेल्या अंबुबाईने विचारलं.

"घ्या, पण हळू."

सगळे हसले, खोकत खोकत म्हातारा धोंडप्पाही. आणि महादेवीवरच्या मायेपोटी सगळ्यांनी माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन-सावलीचा खेळ चालला होता. हिंदुराव साहेब आले. जाडजूड, घामाघूम, काखेत छत्री. महादेवीने कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि ती निघाली. आम्ही नियमाप्रमाणे दहा पावलं मागे. बोलायचं नाही, असं साहेबांनी मला आधीच बजावलं होतं.

गल्लीवर आडव्या बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, लाल, हळदी, मोरपंखी. त्यातून गाळून आलेला उजेड जमिनीवर रंगीत सांडला होता. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते, खाली बसायला विसरल्यासारखे. ठरल्याप्रमाणे माग नुकतेच थांबले होते, कुठे आवाज नाही. मी त्या गल्लीत शेकडो वेळा गेलो असेन, पण अशी गल्ली मी पाहिली नव्हती. झोपेत आपण ओळखीच्या गावात जातो आणि गाव ओळख दाखवत नाही, तशी ती दिसत होती.

अकरा पावलं महादेवी झपझप चालली. मग सावकाश. मग थांबली.

तिने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. हात पुढे केला, हवेत काही लागलं नाही, तो मागे घेतला. लाल लडीतून एक थेंब तिच्या खांद्यावर पडला तशी ती दचकली. त्या शांततेत गल्ली लांबत चालली आहे, मठ मागे मागे सरकतो आहे, आणि आम्ही तिघं कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी उभे आहोत, असं मला वाटू लागलं.

"अंबुबाई?" तिने हाक मारली.

दाराच्या फटीतून मला अंबुबाईचा एक डोळा दिसला. पदराचा बोळा तिने तोंडात धरला होता.

"धोंडप्पाकाका?"

तिकडूनही ओ आली नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी मनात शिवाचं नाव घेऊ लागलो, पण तेही पुढे सरकेना.

आणि एकाएकी महादेवीचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं गं?" ती म्हणाली. "माग का बंद हायेत? कोण गेलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गल्लीत भरदिवसा सगळे माग एकाच कारणाने थांबत. गल्लीतलं कुणी मेलं की. आणि म्हातारा धोंडप्पा तर आठवडाभर खोकत होता.

महादेवी जिथे होती तिथेच मटकन बसली. "काका गं माज्या! कालच मला म्हनत हुता, कांडी ढिली भरतीस म्हनून! आता कोन म्हनंल रं मला…"

तिच्या डाव्या हाताच्या घरातून खोकल्याची एक मोठी उबळ आली, आणि पाठोपाठ आवाज. "अगं ए! जित्ता हाय की मी! आन कांडी ढिलीच भरतीस तू!"

मग धोंडप्पाचा माग सुरू झाला. धडाक्-खट्, धडाक्-खट्, जरा लंगडत. मग अंबुबाईचा, दुहेरी ठोक्याचा. मग पलीकडच्या तिघा भावांचे, एकात एक गुंतलेले. बुवांनी चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी धृपद उचलावं, तशी ती गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उचलली गेली. लडी हलू लागल्या, तंतू नाचू लागले.

महादेवी हसत-रडत उठली. लंगडा माग डाव्या कानाला ठेवून गटार टाळलं. दुहेरी ठोक्यापाशी वळली. तिघा भावांचे माग पाठीमागे पडले आणि समोर मोकळं लागलं, तसा मठाच्या पायरीवर नेमका पाय ठेवला. कपाळाला विभूती लावली आणि ओट्यावर बसून घाम पुसला.

"हे लोक मघाशी गप्प का होते?" साहेबांनी मला विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. पण समोर देव होता आणि महादेवीही. "मीच गप्प केलं होतं, साहेब," मी म्हणालो. "ती मागांच्या आवाजावर चालते हे मला माहीत नव्हतं."

साहेबांनी माझ्या हातातल्या तक्त्यावर, नवव्या रकान्यापाशी, पेन टेकवलं. "म्हणजे माग लागले तेव्हाच तिला चालता आलं. ही मदतच झाली, मास्तर. मला 'नाही' लिहावं लागेल."

महादेवीचा हात किल्लीकडे गेला. ती किल्ली तिने मुठीत धरली.

"साहेब, तुमी हितवर कशानं चालत आला?"

"कशानं म्हणजे? डोळ्यांनी."

"आन उजेड नसता तर?"

साहेबांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"अमावस्येला या की बिनदिव्याचं. पयल्या गटारात पाय जाईल तुमचा. मग तुमच्यापुढं काय लिवायचं? मगाशी माज्या गल्लीत तसाच अंधार पडला हुता."

"पण तो माग तुझ्यासाठी कुणीतरी चालवतंय ना, बाई?"

"माज्यासाठी?" ती खो खो हसली. "धोंडप्पाकाका? त्यो पोटासाठी चालवतोय. सूर्य काय तुमच्यासाठी उगवतोय व्हय?"

एवढ्यात आत टाळ घुमले. साहेबांना पाचच्या गाडीने जायचं होतं, पण ते चपला काढून आत आले आणि खांबाला टेकून बसले. बुवा रंगले. महादेवी मागच्या रांगेत टाळ वाजवत होती. एकदा ताल चुकला तसं तिने शेजारच्या काशम्माला कोपरानं ढोसलं, चूक काशम्माची होती. बाहेर माग चालूच होते. थोड्या वेळाने मला आतला ताल कुठला आणि बाहेरचा कुठला हे कळेनासं झालं, आणि कळावं असंही वाटेना.

आरतीनंतर साहेबांनी तक्ता मागितला. मांडीवर ठेवून नवव्या रकान्यात लिहिलं. मी वाकून पाहिलं.

'होय. गल्लीतले माग चालू असताना.'

"साहेब, तिसरा शब्द चालत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. रकाने मीच आखलेत." त्यांनी सही केली, छत्री उचलली, आणि गाडी केव्हाच गेली होती तरी घाईघाईने निघाले.

दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं. महादेवीची खोली कायम. खाली एक ओळ होती. 'नवव्या रकान्यातील मागांचा उल्लेख अनावश्यक असून यापुढे टाळावा.'

मी ते पत्र महादेवीला वाचून दाखवलं. ती कांडी भरत होती. तिने ऐकलं आणि दोऱ्याला जरा जास्त ताण दिला, धोंडप्पासाठी.

पुढच्या सहामाहीला तो रकाना मी पुन्हा तसाच भरला.