मोशीची भरती

सल्लागार कंपनीने समुद्रकाठच्या एका वाढत्या शहरासाठी पूरनियंत्रणाचा आराखडा केला होता. तो चांगला झाला, म्हणून तोच घाट चढवून इकडे आणला. शहराचं नाव सगळीकडे न चुकता बदललं. समुद्र काढायचा राहिला.

त्यामुळे कंपनीतला त्रेपन्न वर्षांचा इंजिनिअर नंदकिशोर मोशीत, इंद्रायणीला मिळणाऱ्या नाल्यावर, भरती-ओहोटी निरीक्षक झाला. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे, हे त्याने साहेबांना, म्हणजे वयाने अठरा वर्षं लहान असलेल्या रणजीतला, सांगून पाहिलं. रणजीतने शांतपणे ऐकून घेतलं. भरतीचा रकाना काढायला वरची मंजुरी लागते, भरायला लागत नाही, असं तो म्हणाला.

नंदकिशोर राहायलाही मोशीतच, नाल्याकडच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. बायको अरुंधती बँकेच्या बदलीवर नांदेडला. फोनवर दोघं टँकर आला का, यावर बोलत. टँकर आलेला असला की बोलणं लवकर संपे.

सकाळी सातला आंघोळ करून तो मोजपट्टी घेऊन नाल्यावर जाई आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘भरती : शून्य’ भरी. खाली ‘स्थानिक साक्षीदार’ असा रकाना होता. तो रिकामा चालत नसे. साक्षीदार मिळाली गोजाबाई. भोवतीच्या शेतांचे टॉवर झाले, तरी नाल्याला लागून तिच्या दोन खोल्या उरल्या होत्या. ती नाव लावू देई, चहा देई, आणि आज तरी आला का तुमचा समुद्र, असं गंभीरपणे विचारी. कामाशिवाय नंदकिशोरशी बोलणारं दिवसभरात तेवढंच माणूस.

एकदा चहा झाल्यावर तिने त्याला उंबऱ्याशीच थांबवून ठेवलं. साडेसातला नाला चढू लागला. कंपन्यांच्या बस आठच्या आत सुटतात, त्यामुळे सगळे टॉवर एकदमच आंघोळीला बसतात, आणि त्यांचा सांडपाण्याचा पाइप बरोबर तिच्या दारासमोर उघडतो. पाणी उंबरा ओलांडून शेगडीपर्यंत आलं. संध्याकाळी पुन्हा येतं, म्हणाली. पाइपाचं तोंड वीस फूट खाली न्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते तिने सगळीकडे सांगून झालं होतं.

नंदकिशोरने मान वर करून अकरावा मजला मोजला. त्या पाण्यात त्याचीही एक बादली होती.

अ‍ॅपमध्ये पाइपाला रकाना नव्हता. दोन दिवस विचार करून त्याने भरलं : भरती, दिवसातून दोनदा, उंबऱ्यावर बावीस सेंटिमीटर. यात खोटं काही नव्हतं. त्या दिवसापासून तो आंघोळ दहाला करू लागला.

रणजीतचा स्वतःहून फोन आला. एवढं खूश झालेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. आराखडा खरा ठरला होता. पुढचं सगळं आराखड्यात लिहिलेलंच होतं. भरतीरेषेच्या आतली घरं हलवावीत. टॉवर उंच, म्हणून सुरक्षित. आत सापडलं एकच घर.

गोजाबाईला चाकणच्या पलीकडे सातव्या मजल्यावर खोली मिळाली. टेम्पो आला तेव्हा नंदकिशोर मोजपट्टी हातात घेऊन उभा होता. ती शेगडी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली.

“सायेब,” ती म्हणाली, “मी पाइप हलवा म्हनलं व्हतं. मला न्हाई.”

तिथे लिफ्ट आहे, असं नंदकिशोर म्हणाला.

“व्हय का,” ती म्हणाली, आणि टेम्पो निघाला.

आता पाणी रिकाम्या घरात शिरतं आणि साडेआठला बाहेर येतं. साक्षीदार म्हणून तो अजून गोजाबाईचंच नाव भरतो. अ‍ॅपची हरकत नाही. चहा तो घरी जाऊन करतो. आंघोळ मात्र दहालाच. एका बादलीने पाणी किती उतरतं, ते मोजपट्टीवर दिसत नाही.